समुद्राच्या पाण्यातला ऑक्सिजन नीट कसा मोजायचा: निस्किनपासून विंकलर टायट्रेशनपर्यंत

सागरविज्ञानात एम.एस्सी. करून प्रकल्पावर लागलेल्या किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात असलेल्या मुलामुलींच्या वाट्याला बहुतेकदा पहिलं काम हेच येतं: ट्रॉलरवर जा, चार-पाच खोलींवरचं पाणी आणा, त्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजा. टायट्रेशन तर कॉलेजात केलेलं असतं, म्हणून तयारीकडे दुर्लक्ष होतं आणि आकडे बिघडतात. क्षारतेचा नमुना घट्ट बुचाच्या बाटलीत आठवडेच्या आठवडे टिकतो, नायट्रेटचा गोठवून ठेवता येतो. ऑक्सिजनच्या नमुन्याला निस्किन (ठरलेल्या खोलीवर बंद होऊन तिथलं पाणी वर आणणारी बाटली) डेकवर आल्यापासून जेमतेम काही मिनिटं मिळतात. तेवढ्यात हवा शिरली, तर पुढे प्रयोगशाळेत कितीही काळजी घेतली तरी ती चूक निघत नाही.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हे आणखी महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात खोलवरचं कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं आणि त्यावर पावसाच्या, नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर पसरतो. त्यामुळे तळाशी ताजा ऑक्सिजन पोचत नाही. गोव्यात कांदोळीसमोर सुमारे २७ मीटर खोलीच्या ठिकाणी १९९७ पासून नियमित नमुने घेतले जातात. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन जवळपास संपतो, कधी हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो. पृष्ठभागाच्या, लिटरला २०० मायक्रोमोल ऑक्सिजन असलेल्या नमुन्यात हवेचा एक बुडबुडा अडकला तर आकडा थोडासाच हलतो. तळाच्या १० मायक्रोमोलच्या नमुन्यात तोच बुडबुडा सगळा निष्कर्ष फिरवतो.

विंकलर टायट्रेशनमध्ये पाण्यातला ऑक्सिजन मँगनीजच्या साक्यात (तळाशी बसणाऱ्या गाळात) पकडायचा, मग आम्ल टाकून त्याच्या प्रमाणात आयोडीन सोडवायचं आणि ते थायोसल्फेटने मोजायचं. खाली दिलेली पद्धत १२५ मिलीच्या बाटल्या, संपूर्ण बाटलीचं टायट्रेशन, सुमारे ०.०२ नॉर्मल थायोसल्फेट आणि १० मिलीचं ब्युरेट यांसाठी आहे. रसायनांची प्रमाणं कार्पेंटर यांनी १९६५ मध्ये मांडलेली आहेत. तुमच्याकडे बाटलीतून ५० मिली काढून टायट्रेट करायची पद्धत असेल तर नमुना घेण्याचे टप्पे हेच राहतील, गणित मात्र बदलेल.

## टप्पा १: बाटल्यांचं आकारमान काढणं

काचेची घासलेली बुचं असलेल्या, शक्यतो रुंद तोंडाच्या आयोडीन फ्लास्क घ्या. कॉलर असल्यामुळे बुचाभोवती पाणी राहतं आणि टायट्रेशनच्या वेळी भर घालायला जागा मिळते. बाटलीवर '१२५ मिली' छापलेलं असलं तरी प्रत्येक बाटली एखाद-दोन मिलीने वेगळी असते. दोन मिली म्हणजे दीड टक्क्याहून जास्त चूक.

१. प्रत्येक बाटलीवर आणि तिच्या बुचावर एकच क्रमांक कोरून घ्या. मार्करची शाई आम्लाने आणि घासण्याने जाते.

२. कोरडी बाटली बुचासकट वजन करा.

३. उकळून थंड केलेलं डिस्टिल्ड पाणी काठोकाठ भरा, बुडबुडा न ठेवता बूच लावा, कॉलरमधलं आणि बाहेरचं पाणी टिपून घ्या आणि पुन्हा वजन करा. पाण्याचं तापमान लिहा.

४. पाण्याचं वजन गुणिले १.००१०५, भागिले त्या तापमानाची घनता. पहिला आकडा हवेच्या प्लावक बलाची दुरुस्ती आहे. उदाहरणार्थ, २८ अंश सेल्सियसला घनता ०.९९६२४. पाणी १२४.८० ग्रॅम भरलं, तर आकारमान १२५.४० मिली.

५. हे तीनदा करा. तिन्ही आकडे ०.०५ मिलीच्या आत यायला हवेत. येत नसतील तर बूच दर वेळी सारखं बसत नाही, ती बाटली बाजूला ठेवा.

इशारा: बुचं धुवायला एकत्र टाकली आणि मग हाताला येईल ते कुठल्याही बाटलीला लावलं, तर हे सगळं काम पाण्यात गेलं. आकारमान बाटली आणि बूच या जोडीचं असतं.

## टप्पा २: रसायनं

प्रत्येक बाटलीला प्रत्येक रसायन १ मिली लागतं, म्हणून २५० मिली द्रावण सुरुवातीला पुरे. सोडियम आयोडाइड महाग आहे, लिटरभर बनवून फुकट घालवू नका.

मँगनस क्लोराइड: टेट्राहायड्रेट १५० ग्रॅम, पाण्यात विरघळवून २५० मिली. गढूळ दिसलं तर गाळून घ्या.

अल्कलाइन आयोडाइड: सोडियम हायड्रॉक्साइड ८० ग्रॅम आणि सोडियम आयोडाइड १५० ग्रॅम, एकूण २५० मिली. आधी हायड्रॉक्साइड सुमारे १३० मिली पाण्यात थोडं थोडं टाकत विरघळवा. भांडं चांगलंच तापतं, ते थंड पाण्याच्या टबात ठेवा. निवल्यावर आयोडाइड टाका. साठवण प्लॅस्टिकच्या गडद बाटलीत करा. काचेची बाटली घेतली तर बूच चिकटून बसतं.

सल्फ्युरिक आम्ल, १० नॉर्मल: संहत आम्ल ७० मिली, एकूण २५० मिली. आम्ल पाण्यात ओता, हळूहळू. पाणी आम्लात कधीच ओतू नका. चष्मा आणि हातमोजे या दोन्ही द्रावणांना हवेतच.

थायोसल्फेट: पेंटाहायड्रेट सुमारे ५ ग्रॅम प्रति लिटर, उकळून थंड केलेल्या पाण्यात. याची अचूक तीव्रता नंतर काढायची असल्यामुळे वजन काटेकोर नसलं तरी चालतं. दोन-तीन दिवस आधी बनवून गडद बाटलीत स्थिर होऊ द्या.

पोटॅशियम आयोडेट, ०.०१ नॉर्मल: सगळे आकडे याच एका द्रावणावर उभे आहेत. ओव्हनमध्ये वाळवून डेसिकेटरमध्ये थंड केलेलं आयोडेट ०.३५६७ ग्रॅम, चार दशांशांच्या तराजूवर, एक लिटरच्या व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्कमध्ये. नेमकं ०.३५६७ आलं नाही तर हरकत नाही, जे आलं ते लिहा आणि त्यावरून तीव्रता काढा.

स्टार्च: १ ग्रॅम, १०० मिली उकळत्या पाण्यात. ताजं बनवा. जुन्या स्टार्चने निळ्याऐवजी जांभळट, लालसर रंग येतो आणि शेवटचा बिंदू ओळखता येत नाही.

इशारा: कपाटात आयोडाइड, आयोडेट आणि बायआयोडेट अशा तीन बाटल्या शेजारी असतात. बायआयोडेटचं ०.०१ नॉर्मल द्रावण करायला ०.३२४९ ग्रॅम लागतात. चुकीच्या बाटलीतून ०.३५६७ ग्रॅम घेतले तर सगळा डेटा जवळपास दहा टक्क्यांनी सरकतो, तोही इतक्या एकसारखेपणाने की आलेख अगदी सुबक दिसतो. लेबल दोघांनी वाचा.

तपासा: थोड्या डिस्टिल्ड पाण्यात १ मिली आम्ल, १ मिली अल्कलाइन आयोडाइड आणि स्टार्च टाका. निळा रंग आला तर आयोडाइडमध्ये आधीच आयोडीन सुटलेलं आहे, ते द्रावण टाकून द्या. दोन्ही मिसळताना भराभर फेस आला तर हायड्रॉक्साइडने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषलेला आहे. बाटली उघडी राहते आहे का ते बघा.

## टप्पा ३: निघण्याच्या आदल्या दिवशी

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. या काळात भाड्याचा ट्रॉलर गृहीत धरू नका. ऑगस्टनंतरच्या फेऱ्यांसाठी तांडेलाशी आधीच बोलून ठेवा. त्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: स्टेशनवर इंजिन न्यूट्रलला ठेवून किती वेळ थांबायचं, दोरी कुठल्या बाजूने सोडणार, आणि डेकवर पाण्याचा मारा होणार नाही अशी सावलीची जागा कुठली. ही बोलणी धक्क्यावर होत नसतील तर समुद्रात गडबडीत मुळीच होत नाहीत.

सामान भरताना हे वेगळं काढून ठेवा: दोन डिस्पेन्सर (प्रत्येकी नेमका १ मिली देणारे, त्यांच्या टोकाला लांब बारीक नळी), निस्किनच्या तोटीला बसणारी सिलिकॉनची मऊ नळी, थर्मामीटर, अंशांची खूण असलेला कोनमापक, पेन्सिल, पाण्याने न भिजणारी वही आणि बाटल्या उभ्या राहतील असा खोल टब. दोन्ही डिस्पेन्सर १ मिलीच देतात का, ते आदल्या दिवशी दहा वेळा पाणी काढून तराजूवर बघा. सिलिकॉनची नळी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, कोरड्या नळीच्या आतल्या बाजूला बारीक बुडबुडे धरून बसतात.

आम्ल शक्यतो बोटीवर नेऊच नका. दिवसभराच्या फेरीत डेकवर फक्त स्थिरीकरण (दोन रसायनं टाकून ऑक्सिजन साक्यात पकडून ठेवणं) करायचं. आम्ल टाकणं आणि टायट्रेशन दोन्ही किनाऱ्यावर.

## टप्पा ४: निस्किन खाली सोडणं

५ लिटरची निस्किन, नायलॉनची दोरी, दर मीटरला खूण, खाली वजन, वरून सोडायला पितळी मेसेंजर (दोरीवरून घसरत जाऊन निस्किनची झाकणं बंद करणारं वजन). सोडण्याआधी क्रमाने बघा: दोन्ही झाकणं ताणून अडकवली, वरचा हवेचा स्क्रू बंद, खालची तोटी बंद, आतलं रबर ताठ. हवेचा स्क्रू उघडा राहणं ही इथे सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. वर येताना बाटलीतलं पाणी बदलत राहतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

ठरलेल्या खोलीवर दोरी थांबली की एक मिनिट वाट बघा, मग मेसेंजर सोडा. दोरीवर हात ठेवला तर झाकण बंद झाल्याचा हलका धक्का लागतो.

प्रवाहात दोरी तिरकी जाते. उभ्या रेषेपासून ३० अंशांचा कोन असेल तर २५ मीटर दोरी सोडूनही निस्किन साधारण २१.७ मीटरवरच असते, कारण ३० अंशांचा कोसाइन ०.८७ आहे. पावसाळ्यानंतर तीन मीटरच्या फरकात ऑक्सिजन निम्म्यावर येऊ शकतो. म्हणून दर वेळी कोन मोजा, दोरीची लांबी आणि कोन दोन्ही लिहा. नुसती 'खोली २५ मीटर' अशी नोंद नको.

तळाचा नमुना म्हणजे तळापासून एक ते दोन मीटर वर. वजन चिखलात आपटलं तर वर आलेलं पाणी गढूळ असतं आणि त्यातल्या पदार्थांमुळे ऑक्सिजनचा आकडा चुकतो. तसं झालं तर ते पाणी सरळ ओतून द्या. गाळ खाली बसायला थोडं थांबा आणि पुन्हा सोडा.

तपासा: निस्किन डेकवर आली की हवेचा स्क्रू बंद ठेवूनच खालची तोटी उघडा. पहिले दोन-चार थेंब सोडून पाणी वाहत राहिलं, तर बाटलीत वरून कुठून तरी हवा शिरते आहे, म्हणजे ती गळकी आहे. तो नमुना ऑक्सिजनसाठी घेऊ नका. धार थांबली तर बाटली चांगली. आता स्क्रू उघडा.

## टप्पा ५: बाटली भरणं

निस्किनमधून ऑक्सिजनचा नमुना सर्वांत आधी निघतो. त्यानंतर पीएच आणि कार्बनचे नमुने, मग पोषकद्रव्यं, क्लोरोफिल, शेवटी क्षारता. पहिलं पाणी निघालं की निस्किनच्या वरच्या भागात हवा येते आणि उरलेलं पाणी त्या हवेला लागतं. शेजारी उभा असलेला जीवशास्त्राचा सहकारी कितीही घाईत असला तरी हा क्रम बदलू देऊ नका. निस्किन वर आल्यापासून दहा मिनिटांत ऑक्सिजनच्या बाटल्या भरून झाल्या पाहिजेत.

१. नळी तोटीला लावा, पाणी सोडा, नळी उंच धरून बोटाने टिचक्या मारा. आतले सगळे बुडबुडे निघेपर्यंत बाटलीकडे जाऊ नका.

२. बाटली आणि बूच त्याच पाण्याने दोनदा खळबळून घ्या.

३. नळीचं टोक बाटलीच्या तळाला टेकवा. बाटली किंचित तिरकी धरून धार आधी मंद ठेवा, पाणी टोकावर चढलं की वाढवा. वरून ओतल्यासारखं पाणी पडलं तर नमुन्यात हवा मिसळलीच.

४. बाटली भरून वाहू द्या. किमान दोन बाटल्यांएवढं पाणी ओसंडलं पाहिजे, ऑक्सिजन कमी असण्याची शक्यता असेल तिथे तीन बाटल्यांएवढं. भरायला किती सेकंद लागले ते मोजा आणि तेवढेच सेकंद दोन किंवा तीनदा वाहू द्या. अंदाजाने थांबलं की सगळेच लवकर थांबतात.

५. ओसंडणाऱ्या पाण्यात थर्मामीटर धरून तापमान लिहा. पुढे घनतेसाठी हाच आकडा लागतो, सीटीडीचा (पाण्यात सोडून तापमान आणि क्षारता मोजणाऱ्या यंत्राचा) नाही.

६. धार चालू ठेवून नळी हळूहळू वर काढा. नळी निघताना बाटली काठोकाठ भरलेली असली पाहिजे.

प्रत्येक खोलीवरून दोन बाटल्या घ्या. एकच बाटली घेतली तर आलेला आकडा खरा की चुकीचा, हे सांगायला तुमच्याकडे काहीही नसतं.

## टप्पा ६: स्थिरीकरण

बाटली भरल्याबरोबर, दुसरी भरायला घेण्याआधीच:

१. १ मिली मँगनस क्लोराइड. डिस्पेन्सरची नळी पाण्याच्या पृष्ठभागाखाली एक-दोन सेंटीमीटर बुडवून हळू सोडा.

२. लगेच १ मिली अल्कलाइन आयोडाइड, त्याच पद्धतीने.

३. बूच थोडं तिरकं धरून बसवा, म्हणजे आतली हवा निसटते. बाटली उलटी करून बघा. बुडबुडा दिसला तर ती बाटली रद्द करून नवीन भरा. बूच काढून वरून पाण्याची भर घालणं हा उपाय नाही.

४. अर्धा मिनिट जोरात उलटी-सुलटी हलवा.

५. वीस मिनिटांनी, साका निम्म्यावर बसला की पुन्हा एकदा तितकंच हलवा. ही दुसरी हलवणी बोटीवर हमखास विसरली जाते. ती झाली नाही तर साक्याच्या आतल्या भागाला ऑक्सिजन पोचत नाही आणि आकडा कमी येतो.

रंग नीट बघा. ऑक्सिजन भरपूर असेल तर साका दाट तपकिरी होतो, कमी असेल तर फिकट, चहात दूध जास्त पडल्यासारखा. ऑक्सिजन नसेल तर पांढराच राहतो. पांढऱ्या मँगनीज हायड्रॉक्साइडला ऑक्सिजन मिळाला की त्याचं वरच्या ऑक्सिडेशन अवस्थेत रूपांतर होतं, तो हा तपकिरी रंग. तळाचा साका पांढुरका आणि वरच्या खोलींचा तपकिरी असेल तर वहीत लिहा. नंतर टायट्रेशनचा आकडा याच्याशी जुळायला हवा.

इशारा: डिस्पेन्सर थोडा वेळ नुसता राहिला की अल्कलाइन आयोडाइडच्या टोकाला पांढरा थर बसतो आणि आत हवेचा खंड येतो. प्रत्येक स्टेशनवर पहिले दोन दाब कचऱ्याच्या बाटलीत टाका. दोन डिस्पेन्सरची टोकं एकमेकांच्या बाटलीत बुडली तर दोन्ही द्रावणं खराब होतात, म्हणून त्यांना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा.

## टप्पा ७: किनाऱ्यापर्यंत नेणं

कॉलरमध्ये समुद्राचं पाणी भरा आणि बाटल्या समुद्राच्याच पाण्याच्या टबात मानेपर्यंत बुडवून, वरून गडद कापड टाकून ठेवा. ऊन लागू देऊ नका.

बर्फावर मात्र ठेवू नका. क्लोरोफिल आणि पोषकद्रव्यं बर्फात जातात म्हणून ऑक्सिजनच्या बाटल्याही त्याच पेटीत टाकल्या जातात. तिथे पाणी आक्रसतं, बुचाच्या फटीतून हवा आत ओढली जाते आणि बाटलीत वर बुडबुडा दिसतो. तापमान जितकं स्थिर, तितकं चांगलं. टायट्रेशन त्याच संध्याकाळी करा, फार तर चोवीस तासांत.

## टप्पा ८: ब्लँक आणि थायोसल्फेटचं प्रमाणीकरण

हे टायट्रेशनच्या दर दिवशी, नमुन्यांच्या आधी.

इथे रसायनांचा क्रम उलटा असतो: सुमारे १०० मिली डिस्टिल्ड पाणी, १ मिली आम्ल, हलवा, १ मिली अल्कलाइन आयोडाइड, हलवा, मग १ मिली मँगनस क्लोराइड. नमुन्याच्या क्रमाने टाकलं तर डिस्टिल्ड पाण्यातला ऑक्सिजनच पकडला जातो आणि प्रमाणीकरण बिघडतं. प्रमाणीकरणात नवीन मंडळींकडून सर्वांत जास्त होणारी चूक ही आहे, कारण हात सकाळपासून दुसऱ्या क्रमाला सरावलेले असतात. क्रम कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ब्युरेटच्या मागे चिकटवा.

ब्लँक (रसायनांमुळेच वाचनात येणारी भर): वरच्या मिश्रणात १ मिली आयोडेट टाकून टायट्रेट करा. त्याच फ्लास्कमध्ये आणखी १ मिली आयोडेट टाकून पुन्हा टायट्रेट करा. पहिल्या वाचनातून दुसरं वजा केलं की ब्लँक. तो ०.०२ मिलीच्या आसपास किंवा कमी असतो, किंचित ऋणही येऊ शकतो. जास्त आला तर रसायनं तपासा.

प्रमाणीकरण: तसंच मिश्रण, त्यात नेमका १० मिली आयोडेट. साधारण ५ मिली थायोसल्फेट लागेल. ०.१००० ला, ब्लँक वजा केलेल्या वाचनाने भागा: ती थायोसल्फेटची नॉर्मलिटी. पाच वेळा करा. आकडे ०.०२ मिलीच्या आत येईपर्यंत नमुन्याला हात लावू नका.

तपासा: आयोडेटच्या बाटलीच्या वरच्या भागात वाफेचे थेंब साचतात. वापरण्याआधी बाटली बंद ठेवून दोन-चारदा उलटी करा, नाहीतर खालचं द्रावण थोडं तीव्र असतं.

## टप्पा ९: नमुन्यांचं टायट्रेशन

१. साका पूर्ण खाली बसलेला असू द्या. कॉलरमधलं पाणी टिपून बूच काढा. जागा हवी असेल तर वरचं निवळ पाणी ८–१० मिली पिपेटने काढता येतं, कारण ऑक्सिजन साक्यात बांधलेला आहे. साक्याचा कण जरी आला तरी नमुना बाद.

२. चुंबकी कांडी सोडा, १ मिली आम्ल टाका. सगळा साका विरघळून द्रावण स्वच्छ पिवळं-तपकिरी झालं पाहिजे. १ मिली हायड्रॉक्साइडच्या ८ एककांना १ मिली आम्लाची १० एककं पुरून थोडीच उरतात. त्यामुळे डिस्पेन्सरने आम्ल कमी दिलं तर कण तरंगत राहतात. अशा वेळी थोडं आम्ल आणखी घाला.

३. लगेच टायट्रेशन सुरू करा. आयोडीन उडून जातं. आम्ल टाकून पाच बाटल्या रांगेत ठेवायच्या आणि मग एकेक घ्यायची, हे करू नका. पंख्याखाली बसू नका. दुसऱ्या फ्लास्कमध्ये ओतू नका.

४. द्रावण फिकट गवती पिवळं झालं की अर्धा मिली स्टार्च. आधी टाकलं तर आयोडीन स्टार्चमध्ये अडकतं आणि शेवट लांबत जातो.

५. निळा रंग जाईपर्यंत थेंबाथेंबाने, शेवटी अर्ध्या थेंबाने. मागे पांढरा कागद ठेवा. काही मिनिटांनी निळा रंग परत आला तरी दुर्लक्ष करा, पहिल्यांदा रंग गेला तोच बिंदू.

ब्युरेटचं वाचन आणि बाटलीचा क्रमांक त्याच क्षणी लिहा.

## टप्पा १०: गणित

वाचनातून ब्लँक वजा करा, त्याला नॉर्मलिटीने आणि मग २५० ने गुणा. त्यातून ०.०७६ वजा करा, हा रसायनांबरोबर आलेला ऑक्सिजन मायक्रोमोलमध्ये. उत्तराला १००० ने गुणून बाटलीच्या आकारमानातून २ मिली वजा केलेल्या आकड्याने भागा. ते २ मिली म्हणजे दोन रसायनांनी बाहेर ढकललेलं समुद्राचं पाणी.

उदाहरण: वाचन ५.०२, ब्लँक ०.०२, नॉर्मलिटी ०.०२००, बाटली १२५.४० मिली. ५.०० × ०.०२०० × २५० = २५.०. वजा ०.०७६ म्हणजे २४.९२४. गुणिले १०००, भागिले १२३.४० म्हणजे २०२.० मायक्रोमोल प्रति लिटर. प्रति किलोग्रॅम हवं असेल तर नमुना काढतानाच्या तापमानाची घनता घ्या. ती १.०२२४ असेल तर १९७.६.

२८ अंश तापमान आणि ३५ क्षारतेच्या पाण्याची संपृक्तता साधारण २०० मायक्रोमोल प्रति लिटर असते. पृष्ठभागाचा आकडा याच्या जवळपास नसेल तर आधी स्वतःच्या कामाकडे संशयाने बघा. वनस्पतिप्लवकांचा बहर असेल तर दुपारी तो खरोखरच वर जाऊ शकतो. पण मग क्लोरोफिलही तसंच सांगेल.

एककांचा घोळ टाळा: १ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे ३१.२५ मायक्रोमोल, १ मिलिलिटर प्रति लिटर म्हणजे ४४.६६ मायक्रोमोल. हायपॉक्सियाची (ऑक्सिजनच्या कमतरतेची) रूढ मर्यादा २ मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे सुमारे ६२.५ मायक्रोमोल किंवा १.४ मिलिलिटर. जुन्या अहवालांत 'मिलि' एवढंच वाचून मिलिलिटर आणि मिलिग्रॅम एकत्र केले की नसलेला कल दिसायला लागतो.

## आकडे जुळत नसतील तर

जोडीतल्या दोन बाटल्यांत २ मायक्रोमोलहून जास्त फरक पडला, तर आधी बाटल्यांचे क्रमांक आणि आकारमान तपासा, मग बुचांची अदलाबदल. एकच बाटली प्रत्येक स्टेशनवर विचित्र वागत असेल तर तिचं आकारमान पुन्हा काढा. सगळेच आकडे एका टक्क्याने वर किंवा खाली असतील तर दोष नमुन्यात नाही, आयोडेट किंवा प्रमाणीकरणात आहे. तळाचे नमुने तेवढे जास्त येत असतील आणि साका मात्र फिकट नोंदवलेला असेल, तर हवा शिरली आहे: नळीत बुडबुडे किंवा ओसंडणं अपुरं. एका स्टेशनवर सगळ्या खोलींचा आकडा पृष्ठभागासारखाच आला, तर निस्किन वरच बंद झाली का, हे त्याच पाण्याची क्षारता आणि तापमान सांगेल.

सडक्या अंड्याचा वास आला तर वेगळं वागा. हायड्रोजन सल्फाइड आयोडीन खातं, त्यामुळे विंकलरचा आकडा अर्थहीन होतो. अशा पाण्याचा वेगळा नमुना झिंक ॲसिटेट टाकून सल्फाइडसाठी ठेवा आणि ऑक्सिजनच्या रकान्यात 'सल्फाइडचा वास, विंकलर ग्राह्य नाही' असं लिहा. शून्य लिहू नका, शून्य हेही एक मोजमाप असतं. ऑक्सिजन फारच कमी असलेल्या पाण्यात नायट्राइट साचतं आणि ते आयोडाइडचं आयोडीन करून आकडा फुगवतं. त्यासाठी अल्कलाइन आयोडाइडमध्ये सोडियम अझाइड घालतात. ते अतिशय विषारी आहे आणि आम्लाशी आलं की विषारी वायू सुटतो. अनुभवी व्यक्ती सोबत असल्याशिवाय आणि वायुवीजन कपाटाबाहेर ते हाताळू नका. डोळ्याने रंग बघून केलेल्या टायट्रेशनमध्ये ५ मायक्रोमोलच्या खालच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका, 'पाचपेक्षा कमी' असंच नोंदवा.

कॉम्प्युटरवर चढवताना नुसता अंतिम ऑक्सिजन भरू नका. बाटलीचा क्रमांक, ब्युरेटचं वाचन, त्या दिवसाची ब्लँक आणि नॉर्मलिटी, नमुना काढतानाचं तापमान, दोरीची लांबी आणि कोन, साक्याचा रंग, सगळे वेगळ्या रकान्यांत. शंकास्पद आकडा पुसू नका, त्याच्या शेजारी खूण आणि कारण लिहा. सहा महिन्यांनी एखाद्या बाटलीचं आकारमान चुकलेलं सापडलं, तर या कच्च्या नोंदींवरून सगळा डेटा एका दुपारीत दुरुस्त होतो.